समुद्राजवळ परवडणारी खोली हवी आहे : बडोद्याहून आईसाठी दोन महिने

रावपुरेकर

नमस्कार. माझी आई ७६ वर्षांची आहे. गुहागर तालुक्यातल्या एका खेड्यातून लग्न होऊन ती बडोद्यास आली, त्याला ५४ वर्षे झाली. एवढ्या काळात तिच्या वाट्याला समुद्र आला तो माहेरपणाच्या मोजक्या दिवसांपुरता. गेल्या दिवाळीत तिने पहिल्यांदाच आपणहून काही मागितले. रात्री जाग आली तर गाज ऐकू यावी, अशा घरात तिला महिना-दोन महिने राहायचे आहे. हॉटेलात दोन रात्री काढून परत यावे, ही माझी सूचना तिला पटली नाही. आपला चहा आपण करायचा, मग किनाऱ्यावर जायचे, आणि परत येण्याची घाई नसावी, असे तिचे म्हणणे आहे.

सोबत माझी मावशी राहील. मी नोकरीमुळे शनिवार-रविवारीच जाऊ शकेन, म्हणून प्रवास फार लांबचा नसावा. खोली तळमजल्यावर हवी, कमोड हवा, स्वयंपाकाची सोय हवी, आणि किनारा सपाट रस्त्याने १०-१५ मिनिटांच्या चालीवर हवा. उत्तरायण आटोपले की निघायचे आणि होळीच्या आसपास परतायचे, असा बेत आहे. वीज-पाणी धरून महिना ९,००० रुपयांपेक्षा जास्त खर्च मला झेपणार नाही. संकेतस्थळांवर जे दर दिसतात ते सगळे रात्रीचे आहेत, आणि त्यांना ३० ने गुणले की आकडा माझ्या पगाराच्या जवळ जातो. कृपया मार्ग सुचवावा.

सुरसागर

समुद्र बडोद्यापासून वाटतो तेवढा लांब नाही. जंबुसर तालुक्यात कावी-कंबोई येथे स्तंभेश्वर महादेवाचे देऊळ आहे. तिथे भरती आली की पिंड पाण्याखाली जाते आणि ओहोटीला पुन्हा दिसू लागते. सकाळी निघून संध्याकाळी परत येता येते. तिकडे एखादी खोली पाहिली आहे का?

मकरपुऱ्याचे काका

सुरसागर, देऊळ अवश्य पाहावे, पण राहण्यासाठी ती जागा नव्हे. तिथे मही नदी खंबातच्या आखाताला मिळते. आखात आत अरुंद होत गेल्यामुळे भरतीचे पाणी चेपले जाऊन उंच चढते. भावनगरजवळ मोठ्या भरतीच्या दिवशी पाण्याच्या पातळीतला फरक १० मीटरच्या घरात जातो. ते पाणी ओसरले की मागे वाळू राहत नाही, चिखल राहतो, आणि त्या चिखलात म्हाताऱ्या माणसाने पाऊल टाकणे धोक्याचे आहे. आईंना जो समुद्र आठवतो आहे तो हा नव्हे.

वाळूचा किनारा हवा असेल तर दक्षिणेकडे सरकायला हवे. सुरतेजवळचे डुमस आता शहराचाच भाग झाल्यासारखे आहे, तिथल्या जागा आपल्याला परवडणार नाहीत. नवसारीहून दांडीला जाता येते. गांधीजींनी ६ एप्रिल १९३० रोजी जिथे मीठ उचलले तो किनारा अतिशय शांत आहे. मात्र रात्री-अपरात्री डॉक्टर लागला तर काय, हा विचार करून मी स्वतः तिथे मुक्काम टाळला होता. माझ्या मते तुमच्यासाठी वलसाडजवळचे तिथल हे गाव योग्य. वलसाड बडोद्याहून सुमारे २०० किलोमीटर आहे, गाड्या भरपूर आहेत आणि साधारण तीन तासांत माणूस पोहोचतो. स्टेशनापासून तिथलचा किनारा पाचेक किलोमीटर. वाळू काळसर आहे आणि पाणी गढूळ, हे आईंना आधीच सांगून ठेवावे, म्हणजे पहिल्याच दिवशी मन खट्टू होणार नाही.

दांडिया बाजारची लेक

द्वारकेचा विचार केला का? द्वारकेभोवतीचा ओखामंडळ हा प्रदेश बडोदे संस्थानाचाच भाग होता आणि ओख्याचे बंदर सयाजीराव महाराजांच्या काळातले. जवळच्या शिवराजपूरच्या किनाऱ्याला २०२० मध्ये स्वच्छ किनाऱ्यांना दिले जाणारे ब्लू फ्लॅग मानांकन मिळाले आहे. तिथले पाणी खरोखरच निळे आहे. माझ्या आजी-आजोबांनी द्वारकेच्या धर्मशाळेत दिवस काढलेले आहेत.

रावपुरेकर

ताई, द्वारका आईलाही आवडेल. पण चौकशी केली तेव्हा धर्मशाळांत काही दिवसांच्या पुढे राहू देत नाहीत असे कळले, आणि दर शनिवारी रात्रभराचा प्रवास करून सोमवारी कामावर हजर होणे मला जमणार नाही. काका, तिथलबद्दल आभारी आहे. वाळूचा रंग आईला सांगितला. ती म्हणाली, "गाजेला रंग नसतो."

कारेलीबागकर

दमणचा पर्यायही नोंदवून ठेवतो, पण सावधगिरीच्या सूचनेसह. वापी स्टेशनावर उतरून रिक्षाने दमणला जाता येते. देवकाचा किनारा खडकाळ आहे. मोटी दमणच्या बाजूचे जांपोर सुरूच्या झाडांचे आणि चालायला पुष्कळ चांगले. अडचण अशी की गुजरातेत दारूबंदी आहे आणि दमणमध्ये नाही, त्यामुळे शुक्रवार संध्याकाळपासून रविवार रात्रीपर्यंत तिथे गर्दी लोटते, आणि त्या दोन रात्रींत जी खोली चांगले पैसे मिळवून देते ती महिन्याच्या बोलीवर द्यायला मालक राजी होत नाही. आम्ही एकदा १५ दिवसांसाठी खोली घेतली होती. सोमवार ते गुरुवार स्वर्ग होता. शनिवारी शेजारच्या तिन्ही खोल्यांत मध्यरात्रीपर्यंत गाणी चालू होती आणि माझ्या सासूबाईंना झोप लागली नाही.

दक्षिणेला उंबरगाव तालुक्यात नारगोळ आहे, तिथला किनारा सुंदर आहे आणि त्या पट्ट्यात मराठी सर्रास बोलली जाते, ही वृद्ध माणसांसाठी मोठी गोष्ट आहे. मात्र बडोद्याहून आणखी तासभर पुढे जावे लागेल.

हेदवीचा भाचा

सगळे गुजरातेचेच किनारे सुचवत आहेत म्हणून लिहितो. आईंना गुहागरच का नको? बडोद्याहून वसई-पनवेलमार्गे कोकण रेल्वेवर जाणाऱ्या थेट गाड्या आहेत. चिपळूणला किंवा रत्नागिरीला उतरून पुढे रस्त्याने जाता येते. तिकडे निवास व न्याहारीची घरे पुष्कळ आहेत, माणसे ओळखीची निघतील, आणि ज्या गाजेची त्यांना आठवण येते ती तीच असेल.

रावपुरेकर

भाचेसाहेब, तुमचा प्रश्न मी स्वतःला सर्वांत आधी विचारला होता. आईच्या माहेरचे घर आता राहिलेले नाही. भावंडे मुंबईला गेली आणि जागा विकली गेली. मी गुहागरचे नाव काढले तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली की तिथे गेले तर पाहुणी म्हणून जावे लागेल, त्यापेक्षा जिथे कोणी ओळखत नाही तिथे बरे. त्यानंतर मी तो विषय काढला नाही. तिच्या गुडघ्यांना रात्रभराची गाडी आणि त्यावर घाटाचा रस्ता झेपणार नाही, हेही आहेच.

वलसाडची माहेरवाशीण

मी सध्या बडोद्यात मांजलपूरला राहते, पण माझे बालपण वलसाडचे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

तिथलला खोली शोधताना पहिली चूक होते ती किनाऱ्याच्या रस्त्यावरच शोधण्याची. साईबाबांच्या देवळापासून स्वामिनारायण मंदिराकडे जाताना जे काही आहे ते पर्यटकांसाठी आहे, आणि तिथे महिन्याचा भाव विचारला की समोरचा माणूस रात्रीच्या भावाचाच हिशेब मांडतो. अगदी पाण्याला लागून घरे कमी असण्याचे आणखी एक कारण आहे. किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांमुळे, जे १९९१ पासून आहेत आणि पुढे २०११ व २०१९ मध्ये बदलले, भरतीरेषेच्या जवळ नवीन बांधकामावर निर्बंध आहेत. म्हणून तुम्हाला हवी असलेली खोली किनाऱ्यामागच्या फळियांमध्ये, म्हणजे वस्त्यांमध्ये, आणि भागडावाड्याच्या बाजूच्या गल्ल्यांमध्ये मिळेल, जिथे माणसे बारा महिने राहतात. तिथून समुद्र दिसणार नाही. रात्री रहदारी थांबली की ऐकू मात्र येईल, आणि आईंनी तेवढेच मागितले आहे.

दुसरे असे की शनिवार-रविवारी चौकशीला जाऊ नये. एक दिवस रजा काढून मंगळवारी किंवा बुधवारी जावे, आणि दलालाकडे जाण्याआधी किराणा दुकानात, दूध डेअरीवर आणि देवळाच्या ओट्यावर बसलेल्या मंडळींना विचारावे. आमच्याकडे अशी बरीच घरे आहेत, जिथली मुले परदेशी किंवा मुंबईला असतात, म्हातारे जोडपे वरच्या किंवा मागच्या भागात राहते आणि पुढची खोली कुलूपबंद पडलेली असते. त्या लोकांना भाड्यापेक्षा सोबत हवी असते. पण अनोळखी माणसाची भीती वाटत असल्यामुळे ते कुठेही जाहिरात देत नाहीत. दोन वयस्कर बहिणी राहणार आहेत, हे पहिल्याच वाक्यात सांगावे. त्याने अर्धे काम होईल. घरात मांस-मासे चालतात की नाही हेही आधीच बोलून घ्यावे.

आता खोली पाहताना काय पाहावे ते. पहिल्यांदा नळ उघडून पाणी चाखावे. किनाऱ्याजवळच्या बोअरचे पाणी पुष्कळ ठिकाणी मचूळ असते आणि त्यात तुरीची डाळ शिजत नाही; पिण्यापुरते पाणी विकत आणता येते, स्वयंपाकाचे आणि अंघोळीचे किती आणणार? खोली दुपारी चारच्या सुमारास पाहावी, कारण पश्चिमेची भिंत तेव्हा तापलेली असते. वर पत्रा असेल तर सरळ नकार द्यावा. खाऱ्या वाऱ्याने कड्या-कोयंडे गंजतात, म्हणून संडासाची कडी आतून लावून आणि उघडून पाहावी. म्हातारे माणूस आत अडकले तर फार पंचाईत होते, आणि हे आमच्याच घरात घडलेले आहे. वीज वेगळ्या मीटरवर आहे की मालक युनिटमागे स्वतःचा दर लावणार, हे विचारून ठेवावे.

तुम्ही निवडलेले दिवस मात्र अगदी योग्य आहेत. दिवाळीची सुट्टी, नाताळ ते १ जानेवारी आणि मे महिना या काळात कोणीही महिन्याच्या बोलीवर खोली देत नाही. पावसाळ्यात भाडे उतरते, पण तेव्हा दर्या खवळलेला असतो आणि किनाऱ्यावर उतरूही देत नाहीत.

सुरसागर

ताई, किती नेमके लिहिले आहे. माझी कावी-कंबोईची सूचना मागे घेतो.

मांजलपूरचा वकील

करारासंबंधी थोडेसे. नोंदणी कायदा १९०८ च्या कलम १७ नुसार एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी आवश्यक असते, आणि ११ महिन्यांच्या करारांची प्रथा त्यातूनच पडली. तुम्ही महाराष्ट्रातली खोली घेतली असती तर तिथल्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे लहान मुदतीचा करारही लेखी आणि नोंदलेला असावा लागला असता. वलसाडला दोन महिन्यांसाठी साध्या मुद्रांक कागदावर लेखी करार करावा, आणि त्यात भाडे, मुदत, अनामत रक्कम, ती परत करण्याची तारीख आणि वीज-पाण्याचा हिशेब स्पष्ट लिहावा. घरमालकाने भाडूत ठेवल्याची माहिती पोलिसांना द्यायची असते. तो टाळाटाळ करत असेल तर आपणच पुढाकार घ्यावा, कारण नोंद असण्यात दोघी बहिणींचीच सुरक्षितता आहे.

केंद्र सरकारच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या जागेसाठी जास्तीत जास्त दोन महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत घ्यावी अशी मर्यादा आहे. राज्याने तसा कायदा केला असेल तरच ती बंधनकारक ठरते, तरीही बोलणी करताना हा दाखला उपयोगी पडतो. दोन महिन्यांच्या वास्तव्यासाठी एका महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त अनामत देऊ नये, असे माझे मत आहे.

फतेगंज

एक अनुभव सांगतो, कारण तो इतरांच्या उपयोगी पडेल. मागच्या हिवाळ्यात मी एका संकेतस्थळावर समुद्रासमोरची खोली पाहिली. भाडे अतिशय कमी आणि छायाचित्रे सुंदर होती. फोनवरच्या गृहस्थाने आपण बाहेरगावी असल्याचे सांगून बयाणा म्हणून ५,००० रुपये मोबाइलवरून पाठवायला सांगितले आणि मी पाठवले. पोहोचल्यावर कळले की ते घर दुसऱ्याच कुटुंबाचे आहे आणि ते कधीच भाड्याने दिलेले नाही. पत्नी आणि मुले सामानासह रस्त्यावर उभी होती, तो प्रसंग मी विसरू शकत नाही. अशी फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर ताबडतोब तक्रार करता येते. मला ते दोन दिवस उशिरा समजले. घर डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आणि दार उघडणाऱ्या माणसाशी समोरासमोर बोलल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये.

रावपुरेकर

सर्वांचे मनापासून आभार. बुधवारी रजा काढून वलसाडला जाऊन आलो, त्याचा वृत्तांत देतो.

सकाळच्या गाडीने गेलो आणि माहेरवाशीण ताईंनी सांगितल्याप्रमाणे दूध डेअरीपासून सुरुवात केली. दुपारपर्यंत सहा खोल्या पाहिल्या. पहिली किनाऱ्यासमोर होती. १८,००० रुपये सांगितले आणि शनिवारी खोली रिकामी करून द्यावी लागेल अशी अट घातली. दुसरीला वर पत्रा होता. तिसरी मला फार आवडली, अंगणात चिकूचे झाड होते, भाडेही ७,००० रुपये, पण पाणी चाखले तर जीभ खारट झाली. चौथ्या आणि पाचव्या ठिकाणी जिन्याशिवाय सोय नव्हती. सहावी खोली एका निवृत्त शिक्षकांच्या घरातली पुढची खोली आहे. किराणा दुकानदाराने स्वतः दुकानाबाहेर येऊन मला तिथपर्यंत पोहोचवले. शिक्षकांची पत्नी गेल्या वर्षी वारली, वरच्या मजल्यावर मुलगा आणि सून राहतात. खोलीला वेगळे दार आहे, मागे छोटे स्वयंपाकघर आहे, पाणी गोड आहे आणि संडासाची कडी मी तीनदा लावून पाहिली. किनारा माझ्या पावलांनी नऊ मिनिटे, म्हणजे आईच्या पावलांनी पंधरा-सोळा.

भाडे त्यांनी ८,५०० सांगितले. मी कायद्याचा दाखला काढण्याआधीच त्यांनी अनामत नको म्हणून सांगितले आणि विचारले, "तुमच्या आईंना गंजिफा किंवा पत्ते खेळता येतात का?" ७,५०० आणि वीज वेगळ्या मीटरप्रमाणे, असे ठरले. सरकारी रुग्णालय आणि वैद्यकीय महाविद्यालय वलसाड शहरातच आहे, तिथवरचा रस्ताही रिक्षाने जाऊन पाहिला. परत निघण्यापूर्वी अंधार पडेपर्यंत मुद्दाम त्या खोलीत दिवा न लावता बसलो. सुरुवातीला फक्त रस्त्यावरच्या स्कूटर ऐकू येत होत्या. आठनंतर त्या थांबल्या आणि मग ऐकू आले.

मकरपुऱ्याचे काका

वाचून बरे वाटले. आई रोज किनाऱ्यावर जाणार असतील तर भरतीची वेळ पाहून जावे. ती रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे जाते, आणि तिकडे ओहोटीला पाणी इतके मागे हटते की माणूस नकळत फार आत चालत जातो.

रावपुरेकर

काका, त्याबद्दल आईला काही सांगायची गरज पडली नाही, उलट तिनेच मला शिकवले. कोकणात लहानपणी ती तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायची, म्हणजे चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणून तीन वाजता पूर्ण भरती. इथे राहायला आल्यावर पहिल्या आठवड्यात तिचा हिशेब चुकत राहिला आणि ती बेचैन झाली. तिथल गुहागरच्या पुष्कळ उत्तरेला, आखाताच्या तोंडाशी असल्यामुळे इथे भरती उशिरा येते, हे मी तिला नकाशावर दाखवले. आता ती आणि मास्तर रोज किनाऱ्यावर जाऊन पाणी कोणत्या खुणेपर्यंत कधी चढते ते पाहतात आणि भिंतीवरच्या कालनिर्णयात प्रत्येक तारखेच्या चौकोनात वेळ लिहून ठेवतात. पाऊणपटीत तासाहून अधिक मिळवावे लागते, एवढे त्यांनी आतापर्यंत ठरवले आहे.

दांडिया बाजारची लेक

दादा, होळीनंतर ती खोली रिकामी होणार का? माझ्या सासऱ्यांना दम्यासाठी हवापालट सांगितला आहे.

रावपुरेकर

ताई, मार्चमध्ये आम्ही निघू. मास्तरांशी बोललो आहे, ते तुमची वाट पाहतील. पण फतेगंजच्या साहेबांनी लिहिले आहे तसे आधी स्वतः येऊन पाहून जा, बुधवारी या, आणि दम्याच्या रुग्णाला ही दमट हवा मानवेल का हे डॉक्टरांना विचारून मगच ठरवा. आई म्हणते, कालनिर्णय ती भिंतीवरच ठेवून जाणार आहे.